साखर नाही

फुआतिनो जहाजातून उतरली ती वहिनीशी भांडायच्या तयारीनेच. राजधानी अपियाहून बंदर गाठल्यावर सवाई बेटावर यायला जहाजाला तास-सव्वा तास लागतो. तेवढ्या वेळात वहिनीला काय काय ऐकवायचं याची तिने तीनदा उजळणी केली होती, आणि दर उजळणीला त्यात एखादा नवा टोमणा जमा झाला होता.

आदल्या दिवशी गावच्या नर्सबाई मालामा यांचा फोन आला होता. एमोसीच्या, म्हणजे फुआतिनोच्या भावाच्या, उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. "वास मारतोय गं," मालामा म्हणाल्या. "दवाखान्यात चल म्हटलं तर हसतो. चार महिन्यांच्या गोळ्या तशाच पडल्यात, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. आज-उद्यात नेला नाही तर पाय जाईल, आणि मग माणूसही. तू ये. तुझं ऐकेल."

तुझं ऐकेल, हे खरं होतं. आमच्याकडे भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही. बायकोचा पडला तर पडला. एमोसी फुआतिनोपेक्षा आठ वर्षांनी मोठा, गावच्या सभेत पुढे बसणारा, कुणाचं न ऐकणारा माणूस. पण ती धाकटी असूनही तिला तो लहानपणापासून मानाने 'ताई' म्हणायचा आणि ताटातला मासा आधी तिच्याकडे सरकवायचा. असा भाऊ पाय सडेपर्यंत घरात बसून राहिला, तर दोष कुणाचा हे फुआतिनोला शोधावं लागलं नाही. त्या घरात रांधणारी बाई एकच होती. ती बाई, आकेनेसे, तीस वर्षांपूर्वी लग्न करून आली तेव्हापासून फुआतिनोच्या डोळ्यांत खुपत होती.

घर चारी बाजूंनी उघडं, त्यामुळे रस्त्यावरूनच सगळं दिसलं. एमोसी खांबाला टेकून बसला होता. उजवा पाय उशीवर, पायावर ओलं फडकं, फडक्यावर माश्या. समोर आकेनेसे मांडी घालून त्याच्या पेल्यात किटलीतून कोको ओतत होती. शेजारी नारळाच्या दुधातले गोड पाव.

फुआतिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला कुठे पडल्या ते तिने पाहिलं नाही. सरळ आत शिरून तिने भावापुढचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. कोको कसला, पाक होता नुसता. घशाला चिकटला.

"वहिनी, माणूस मारायचाच असेल तर कोयता घे ना," ती म्हणाली. "असा चमच्या-चमच्याने कशाला मारतेस?"

"बसा, वन्सं," आकेनेसे म्हणाली. "प्रवासातून आलात."

"बसायला नाही आले. त्याला साखर आहे हे तुला ठाऊक नाही? पाय कुजतोय, घरात नाकाला फडकं लावायची वेळ आली, आणि तू त्याला पाक पाजतेस?"

तिने किटली उचलली, घराच्या कडेला गेली आणि सगळा कोको बाहेरच्या दगडांवर ओतून दिला. आकेनेसे त्या काळ्या ओघळाकडे बघत राहिली.

"ताई, ताई, ओतलास का गं?" एमोसी चक्क हसत होता. "त्यातली साखर कधीच मेली. डबा घातलाय त्यात."

"कसला डबा?"

आकेनेसे उठली. फळीवरून एक पांढरा डबा काढून तिने नणंदेच्या हातात दिला. "तुमचाच," ती म्हणाली.

डब्यावर हिरवं पान होतं. पानाखाली इंग्रजी अक्षरं, त्याखाली आपल्या भाषेतले दोन शब्द, आणि कोपऱ्यात लेबल मंडळाचा गोल शिक्का.

त्या मंडळात फुआतिनो अकरा वर्षं नोकरीला होती. परदेशातून येणाऱ्या डब्या-बाटल्यांवर आरोग्याच्या नावाखाली ज्या बढाया मारलेल्या असतात, त्यातलं खरं किती आणि थाप किती ते बघायचं, आणि खरं ते आपल्या भाषेत नीट उतरलंय का ते तपासायचं, हे तिचं काम. व्यापारी तिला पाठीमागे 'कात्री' म्हणायचे. तिला ते नाव मनापासून आवडायचं.

साखरेऐवजी घालायच्या या गोड पानाच्या भुकटीचा कागद आला तेव्हा त्यावर सात दावे होते. हृदय निरोगी राखते. वजन उतरवते. रक्तातली साखर आटोक्यात ठेवते. मधुमेहींची सोबतीण. असलेच आणखी दोन. पुरावा म्हणून कंपनीने एक अभ्यास जोडला होता आणि फुआतिनोने तो शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचला होता. एकतीस सडपातळ विद्यार्थी, बारा दिवस, सकाळी उपाशीपोटी भुकटीचं एक पेला गोड पाणी. साखरेच्या पाण्याने रक्तातली साखर जेवढी चढली तेवढी या पाण्याने चढली नाही, बस. साखरेऐवजी घेतली तर साखरेएवढी चढत नाही, हे सांगायला विद्यार्थी कशाला हवेत? चढलेली उतरवते असं त्यात कुठे नव्हतं. आजारी माणूस तर एकही नव्हता. अभ्यास करणारे दोघेही कंपनीचेच पगारी.

कंपनीचा माणूस टाय लावून आला तेव्हा तिने त्याला पाऊण तास टेबलापुढे उभा ठेवला होता. "तुम्हाला काय वाटतं ते नका सांगू," ती त्याला म्हणाली होती, "काय सिद्ध झालंय ते सांगा." सहा दावे तिने लाल पेनने खोडले. सातवा होता, साखर नाही. त्यात खोडायचं काय? डब्यात साखर नव्हतीच, प्रयोगशाळेने तपासलं होतं. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर. तिने सही ठोकली, आणि संध्याकाळी आनंदाच्या भरात भावाला फोन केला. दादा, आज एका कंपनीचे दात घशात घातले. पानाच्या डब्यावरची सहा खोटी वाक्यं उडवली. एकच खरं होतं, तेवढं ठेवलं.

"वाचा की, वन्सं," आकेनेसे म्हणाली. "मोठ्याने वाचा. मला शिकलेल्यांसारखं वाचता येत नाही."

"साखर नाही," फुआतिनोने वाचलं.

आणि वाचता वाचताच ते तिच्या कानात शिरलं. गावात मधुमेह असं कुणी म्हणत नाही. तो शब्द दवाखान्याच्या भिंतीवरच्या कागदावर राहतो. गावात म्हणतात, साखर. अमकीला साखर आहे. तमक्याला साखरेने नेलं. आत्ता पाच मिनिटांपूर्वी ती स्वतःच ओरडली होती, त्याला साखर आहे म्हणून. अकरा वर्षं ऑफिसात बसून तिने कोणत्या गावाची भाषा तपासली होती देव जाणे.

"तूच तर सांगितलंस," एमोसी म्हणाला. "सहा खोटी उडवली, एक खरं ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन डबा आणला. जेवणाआधी एक चमचा, कोरडाच. पावावर भुरभुरवतो. कोकोत आधी साखर घालायची आणि वरून हा टाकायचा, की साखर मरते. कोको फिका लागत नाही आणि साखर राहत नाही! मग गोळ्या कशाला गिळू? त्या पोट बिघडवतात. अंगठ्याचं काही मनावर घेऊ नकोस, दगड लागला होता."

तो अभिमानाने सांगत होता. फळीवर पाच रिकामे डबे धुऊन, पालथे घालून ओळीने ठेवले होते. "पाद्रीबाबांनाही मीच दिला एक," तो म्हणाला. "म्हटलं, घ्या निर्धास्त, माझ्या ताईची सही आहे."

फुआतिनोला बसावंच लागलं.

"दादा, डब्यात साखर नाही, असं आहे ते. तुझ्या अंगात नाही असं नाही."

"काहीतरीच काय? डब्यात जे नाही ते डब्यावर कोण लिहितं? डब्यात मासेही नाहीत. लिहिलंय का कुठे, मासे नाहीत?"

"दादा, मी चुकले. ती सही मी करायला नको होती. तो डबा औषध नाही. तुझा पाय जायला आलाय, आत्ता उठ, दोनच्या जहाजाने अपियाला जाऊ."

एमोसीचं हसू मावळलं. तो तिच्याकडे नाही, बायकोकडे बघायला लागला. "हिने पढवलं तुला," तो म्हणाला. "हिला तुझं मोठेपण पहिल्यापासून बघवत नाही. डबा आणला त्या दिवसापासून कटकट चाललीय. ताई, हिच्यासाठी तू खोटं बोलू नकोस. तुझा शब्द मी चार महिने खाल्लाय. माझ्या अंगी लागलाय तो."

ती ओरडली, रडली, मालामाबाईंचं नाव घेतलं, डॉक्टरांचं घेतलं. तो मान हलवत राहिला आणि शेवटी त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. ज्या शब्दावर तो उठून चालू लागला असता, तो शब्द तिने आधीच डब्यावर छापून ठेवला होता.

ती मागच्या चुलीच्या छपरात गेली. आकेनेसे तिच्या मागोमाग आली.

"आता कळलं?" आकेनेसे म्हणाली. आवाज अजून हळूच होता, पण त्यात आता 'बसा, वन्सं' उरलं नव्हतं. "पहिल्या आठवड्यात सांगितलं मी, गोळ्या घ्या. तर म्हणाले, बायकोचं ऐकू की बहिणीचं? अंगठा धुताना मला रडू आलं, तर म्हणाले, ताईच्या सहीवर रडतेस?"

"मला फोन करायला काय झालं होतं तुला?"

"केला होता. दोनदा. पहिल्यांदा म्हणालात, वहिनी, मीटिंगमध्ये आहे. दुसऱ्यांदा म्हणालात, दादाला दे. दिला. तुम्ही विचारलंत, साखर कशी आहे? ते म्हणाले, साखर नाही. तुम्ही म्हणालात, छान."

फुआतिनोला तो फोन आठवला. छान म्हटल्याचंही आठवलं.

"तीस वर्षं तुमच्या बैठकीची चटई मी झटकतेय," आकेनेसे म्हणाली. "तुम्ही आलात की मी इथे मागे जेवते. असू दे, रीत आहे. पण माझा नवरा तुम्ही दोन शब्दांत संपवलात, आणि वर येऊन कोको माझ्या दारात ओतलात. कोयता म्हणे! कोयता कुणी आणला घरात?"

"मग मी करू काय? सांग ना! ऐकत नाही तो!"

"वरच्या गावात एकाच्या ट्रकखाली बाई मेली, तेव्हा त्याचं अख्खं घराणं माफी मागायला डोक्यावर चटई घेऊन तिच्या दारात बसलं होतं. समोरच्यांनी येऊन चटई उचलेपर्यंत हललं नाही कुणी. तुम्ही बसाल?" आकेनेसे एक पाऊल पुढे आली. "भावापुढे बहीण? बसा ना. मला डोळे भरून बघायचंय."

हा सल्ला नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. तीस वर्षांचं साठलेलं विष होतं ते. आमच्याकडे बहीण भावापुढे चटई घेऊन बसत नाही. उलटं होईल एक वेळ, पण हे नाही. गावाने असलं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं की ते अपियापर्यंत जाणार, ऑफिसात जाणार, आणि कात्रीबाई चटईखाली बसल्याचं त्या टायवाल्यालाही कळणार. फुआतिनोने हा सगळा हिशोब केला. मग तिला अंगठ्याचा वास आठवला.

"चटई दे," ती म्हणाली.

आकेनेसेने छपरातल्या चटयांवरून नजर फिरवली. "माझ्या माहेरची नाही देणार," ती म्हणाली. "ती चांगली आहे." आणि चुलीपुढची टारोचे कंद सोलायची चटई, राखेने काळी झालेली, उचलून तिने नणंदेच्या अंगावर टाकली.

घरापुढचं अंगण काळ्या दगडगोट्यांचं. दुपारचं ऊन डोक्यावर आलेलं. फुआतिनो मधोमध जाऊन बसली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. आत अंधार, राख आणि सालपटांचा आंबूस वास. गुडघ्यांना दगड टोचत होते. रस्त्यावरची पावलं थबकायला लागली.

"कोण मेलं गं?" एका बाईने विचारलं.

"अजून कुणी नाही," आकेनेसेचा आवाज आला.

"ताई!" आतून एमोसी ओरडला. "काय तमाशा हा! उठ आधी! लोक बघतायत!"

चटईखालच्याने बोलायचं नसतं. ती बोलली नाही.

"आकेनेसे, उठव तिला!"

"मी कशी उठवू? ज्याचा अपराध केला, त्याने चटई उचलायची असते. त्या तुमच्या दारात बसल्यात."

"काय अपराध केलाय तिने माझा?"

कुंपणापाशी वीस-पंचवीस माणसं जमली होती. एमोसी पुरता पेचात सापडला. चटई उचलायची म्हणजे बहिणीने अपराध केला हे गावासमक्ष मानायचं. न उचलायची म्हणजे बहिणीला उन्हात भाजत ठेवायचं. दोन्ही त्याला मरेपर्यंत जमणारं नव्हतं. तो ओरडला, मग विनवण्या करायला लागला, मग शिव्या घातल्या, बायकोला, जमलेल्यांना, डबा बनवणाऱ्यांना. अर्धा तास गेला असेल. चटईखाली फुआतिनोचा घाम मानेवरून पाठीवर वाहत होता आणि तिच्या मनात एकच होतं, हा आला नाही तर काय करायचं.

मग दगडांवर फरपटणारी पावलं ऐकू आली. तो शेवटी उन्हापायीच उठला होता. तिचा शब्द खोटा मानून नव्हे, तिला भाजताना बघवेना म्हणून.

चटईच्या कडेखालून तिला त्याची पावलं दिसली. डावं पाऊल दगड चाचपून, जपून पडत होतं. उजवं कसंही, कुठेही पडत होतं. फडकं सुटून मागे राहिलं होतं. उजव्या टाचेत फुटक्या शिंपल्याचा एक चांगला बोटभर तुकडा रुतला होता, आणि तो त्या टाचेवर सगळा भार देऊन उभा होता.

"उठ, ताई," तो म्हणाला. "काही अपराध नाही तुझा. उठ."

तिने रीत मोडली. "दादा," ती चटईखालून म्हणाली, "मागे बघ."

त्याने बघितलं. घराच्या पायरीपासून त्याच्यापर्यंत दगडांवर लाल डाग होते, एकाआड एक, फक्त उजव्या पायाचे.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

तो हळूहळू खाली बसला, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघायला लागला. शिंपल्याचा तुकडा त्याने चिमटीत धरून ओढला. तो निघाला. रक्त त्याच्या लुंगीवर गळलं. त्याने तुकडा पुन्हा टाचेला टोचून पाहिला, आणखी जोरात टोचून पाहिला.

"दुखत नाही, ताई," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरलेला होता. "का दुखत नाही?"

"साखर आहे म्हणून, दादा."

त्याने तुकडा बाजूला ठेवला. मग त्याने हात लांब केला आणि तिच्या डोक्यावरची चटई उचलली. त्याचे डोळे भरलेले होते आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. गावासमोर त्याला तिला अपराधी मानावं लागलं होतं. ते त्याला पायापेक्षा जास्त लागलं.

"दोनचं जहाज आहे," आकेनेसे मागून म्हणाली. तिने फडकं उचलून झटकलं आणि नवऱ्याच्या टाचेला करकचून बांधलं. "गाडी बोलावलीय मी. आधीच."

अपियाच्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाय गुडघ्याखाली कापला. एक आठवडा आधी आला असतात तर अंगठ्यावर भागलं असतं, असं ते म्हणाले. दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसून होत्या. तीन दिवसांत त्या एकमेकींशी पाणी, टॉवेल आणि रक्तगट यांपलीकडे काही बोलल्या नव्हत्या.

फुआतिनोने पिशवीतून मंडळाचा कागद काढला. डबे दुकानांतून उचलायचा आदेश आदल्या दिवशीच निघाला होता. पाद्रीबाबांना तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं. हा कागद नव्या मजकुराचा होता. वर छापलेलं, जुना मजकूर: साखर नाही. त्याखाली तिने लिहिलं होतं: या भुकटीत साखर घातलेली नाही. ही औषध नाही. हिने साखरेचा आजार जात नाही. गोळ्या सोडू नका.

"वहिनी," ती म्हणाली, "तू वाच. गावात हे कसं ऐकू जाईल ते मला सांग. तू हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही."

आकेनेसेने कागद घेतला. एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत तिने तो तीनदा वाचला.

"शब्द बरोबर आहेत," ती म्हणाली. "जुना मजकूर तेवढा अर्धवट आहे. पेन द्या."

फुआतिनोने लाल पेन दिला. आकेनेसेने कागद मांडीवर सपाट केला आणि 'साखर नाही'च्या पुढे, तशाच मोठ्या अक्षरांत, सावकाश लिहिलं: पाय नाही.

"आता पुरा झाला," ती म्हणाली आणि कागद परत केला. "मारा सही."